किनयाराची चतुःसीमा

मी आठवी पास आहे. नववीची पुस्तकं आणली होती, त्यांना खाकी कव्हरंही घातली होती, पण आई अंथरुणाला खिळली आणि ती कव्हरं नवीच्या नवी राहिली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात आल्यावर सहा वर्षं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "स्कूल झालं" म्हणायचे आणि लगेच चहा ठेवायला उठायचे.

इथली आपली मंडळी सगळी शिकलेली. दिवाळीला कुणाच्या घरी जमलो की एका सोफ्यावर दोन डॉक्टर, दुसऱ्यावर युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, शिकवणारे. माझे यजमान हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहेत. मी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं करते. आंघोळीला मदत, नाश्ता, गोळ्या, बाजार. त्याचा कोर्स मुलीने शेजारी बसून माझ्याकडून करून घेतला. तरी एजन्सीचा नवा कागद आला की मनात यायचं, आता कुणीतरी हा मोठ्याने वाचायला सांगणार, मी अडखळणार, मग ते म्हणणार, सॉरी, आमची चूक झाली, तुम्ही घरी जा.

असं कुणी कधीच म्हणालं नाही. उलट या गावाने मला चाळिशीत गाडी चालवायला शिकवलं, कामाला लावलं, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीला "नो वरीज" म्हणत सांभाळून घेतलं. भीती माझी मीच सामानात घालून आणली होती.

ती बरीचशी ज्यांच्यामुळे गेली, त्या आजोबांची ही गोष्ट.

आजोबा म्हणजे नात्याने माझे कुणी नव्हेत. गावाबाहेर अर्ध्या तासावर त्यांची शेती. वय सत्त्याऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि डोळ्यांचं असं की समोरचं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. माझ्याकडे बघायचं असलं की ते माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि नावानेच हाक मार म्हणाले. इथली पद्धतच तशी. पण वडिलांहून मोठ्या माणसाला नुसत्या नावाने? माझी जीभ वळेना. दोन दिवस मी "एक्स्क्यूज मी"वर काढले. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लव्ह, मी काय वेटर आहे का तुझा?" इथले म्हातारे कुणालाही प्रेमाने 'लव्ह' म्हणतात.

मग मी घाबरत विचारलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या माणसाला आजोबा म्हणतात, म्हटलं तर चालेल का? त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून दोनदा म्हणून पाहिला. पहिल्या झटक्यात बरोबर! ज अगदी 'जवळ'मधला, 'जिलबी'तला नव्हे.

"मधमाशी गुणगुणते या शब्दात," ते म्हणाले. "चालेल."

त्यांची मुलगी दर रविवारी ब्रिस्बेनहून यायची. तिच्यासाठी मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, आजोबांनी काय खाल्लं, गोळी घेतली की नाही. आजोबा हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे, ए, जे, ओ, बी, ए. ती ते वाचून मोठ्याने म्हणायची, "एजोबा!" आतल्या खोलीतून आजोबा ओरडायचे, "तू वाचतेस, मी ऐकलंय! माझं बरोबर आहे!"

तेव्हा आम्ही नुसत्या हसायचो.

त्या शेताच्या फाटकावर एक लाकडी पाटी होती. किनयारा. इथल्या कितीतरी गावांची, नद्यांची नावं मूळच्या लोकांच्या भाषेतली आहेत. सगळ्यांना वाटायचं हेही त्यातलंच. मलाही वाटलं होतं. पण आजोबा सांगायचे, नाही, हे माझ्या आजाने आणलेलं नाव. त्यांचा आजा सात वर्षांचा असताना आईबापांबरोबर स्कॉटलंडहून बोटीने आला. तिथल्या त्यांच्या शेताचं नाव किनयारा, म्हणून इथल्या शेतालाही तेच दिलं. ते स्कॉटलंडमधलं शेत कसं होतं, हे आजाने आपल्या नातवाला इतक्या वेळा सांगितलं होतं की नातू सत्त्याऐंशीव्या वर्षी ते घडाघडा म्हणायचा.

फक्त ते शेत कुठे सापडत नव्हतं.

आजोबांचा थोरला भाऊ पूर्वी एकदा मुद्दाम स्कॉटलंडला जाऊन आला होता. दोन आठवडे तो तिथल्या मोठ्या शहरात दप्तरखान्यात बसला, याद्या चाळल्या, नकाशे चाळले. किनयारा नावाचं काहीही नाही. परत आला तो ख्रिसमसच्या जेवणाला सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हाताऱ्याने थाप मारली होती. कुठल्यातरी मजुराच्या खोपटातून आला असेल, आणि आपल्याला सांगितलं शेत!" आजोबा ताटावरून उठले. वर्षभर भावाशी बोलले नाहीत. पुढे बोलणं सुरू झालं, पण तो विषय नाही. आता तो भाऊही नाही.

मी हे सगळं ऐकलं ते गेल्या वर्षी, शेत विकल्यावर. आजोबांना गावातल्या केअर होममध्ये जागा मिळाली होती आणि घर सोडायला सहा आठवडे होते. शेत घेणारं जोडपं तरुण होतं. त्यांनी विचारलं होतं की पाटी ठेवायची की काढायची, या नावाचा अर्थ काय.

आजोबा मला म्हणाले, "नाव खरं असेल तर ठेवा म्हणून सांगीन. थाप असेल तर मी स्वतः उतरवून शेकोटीत घालीन. पण मला कळलं पाहिजे, लव्ह. माझा आजा खोटारडा होता का, एवढंच. इथून निघायच्या आत."

असं म्हणून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. आत एकच पत्र होतं. आजा गेल्यावर त्याच्या कपाटात सापडलेलं. त्याच्या आंटने स्कॉटलंडहून पाठवलेलं. घरच्यांनी कधीकाळी वाचून ठेवून दिलं होतं. आता नातवंडांना ते जोडून लिहिलेलं अक्षर लागत नव्हतं, आणि आजोबांना डोळे नव्हते.

"वाचून दाखवशील?"

झालं. ज्याची भीती होती तेच. घरात आम्ही दोघंच, तरी माझे कान गरम झाले. मी म्हटलं, हात ओले आहेत. मग म्हटलं, चष्मा गाडीत आहे. माझा चष्मा डोक्यावर होता. आजोबांना समोरचं दिसत नव्हतं, पण कडेचं दिसत होतं. त्यांनी डबा आणखी पुढे सरकवला.

शेवटी घडी उघडली, आणि मला हसूच आलं. आमची चार रेघांची वही! आमच्या इंग्रजीच्या बाई पाचवीपासून चार रेघांच्या वहीत ते वळणदार, एकमेकांत अडकवलेलं अक्षर काढून घ्यायच्या. जी आणि वायच्या शेपट्या खालच्या रेघेला टेकल्याशिवाय पान उलटू द्यायच्या नाहीत. मला अर्थ येवो न येवो, अक्षर लागत होतं. इथल्या युनित शिकणाऱ्या मुलांना जे लागत नव्हतं ते आठवीवालीला लागत होतं. त्या बाई आज कुठे असतील माहीत नाही. त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

पत्राच्या वर उजव्या कोपऱ्यात जागेचं नाव होतं. मी अक्षर न् अक्षर लावून वाचलं, "किन... झॅ... रो."

"हां, ते आंटच्या नवऱ्याचं शेत असणार," आजोबा म्हणाले. "पुढे वाच."

"कुठली आंट? वडिलांची बहीण की आईची?"

"काय फरक पडतो? आंट ती आंट."

"फार फरक पडतो," मी म्हटलं. आमच्यात दोघींना एकच शब्द लावला तर दोघी रुसतील.

ते हसले. "माझ्या आजाच्या बापाची बहीण."

म्हणजे आत्या. मी वाचत गेले. दुसऱ्याच वाक्याला थांबले. आत्याने लिहिलं होतं की 'बर्न' फार मोठा झालाय, दक्षिणेकडच्या खालच्या कुरणापर्यंत गेलाय. बर्न म्हणजे भाजणं, जळणं, एवढं मला येतं. मी दचकून विचारलं, "आत्या भाजली का हो? की आग लागली?"

आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणलं. "स्कॉटलंडमध्ये बर्न म्हणजे ओढा," डोळे पुसत ते म्हणाले. "ओढ्याला पाणी चढलंय. बिचारी आंट! शंभर वर्षांनी तिला जाळलीस!"

मीही हसले. अडखळल्यावर कुणी असं हसलं आणि मला रडू आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

पत्र लांब नव्हतं. सकाळी खिडकी उघडली की छप्पर नसलेल्या चॅपलच्या भिंतींवर बर्फ आणि त्यामागून वर येणारा सूर्य. उत्तरेचा वारा तळ्यावरून, टेकडीवरून थेट घरावर. मावळतीकडचं आपलं रान जमीनदाराने तोडायला काढलंय. आणि शेवटी एक ओळ: 'बाबांची खुर्ची ते ठेवून गेले तिथेच, शेगडीपाशी आहे. मी कुणाला बसू देत नाही.'

मी ती ओळ परत वाचली. आजोबांना वाटलं, मी अडले. मी अडले होतेच, पण अक्षरावर नव्हे. आत्या सासरी असेल, तर तिच्या बाबांची खुर्ची तिथे कुठून येईल? सासरच्या घरात बापाची खुर्ची? ती तर माहेरीच असणार. आत्या लग्न करून गेलीच नसेल. भाऊ बोटीने निघून गेला आणि ही बापाच्या घरातच राहिली. मग ज्या घरातून तिने हे पत्र लिहिलं, तेच ते शेत, ज्याच्या मागे आजोबांचा भाऊ दोन आठवडे फिरला!

हे मी त्यांना सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. ज्यांचा भाऊ विमानाने जाऊन दप्तरं बघून आला, त्यांना मी काय सांगणार, एका खुर्चीवरून?

पण मला एक गोष्ट येत होती. माझे वडील मोजणी खात्यात साखळी ओढायचे. साहेब टेबलाशी, वडील बांधावर. सुटीत मी त्यांच्या मागे उन्हात हिंडायचे. लोक शेताच्या नावावरून भांडायचे. एक म्हणायचा, ही आमची चिंचेची पट्टी. दुसरा म्हणायचा, कसली चिंच, हा आमचा लांब टुकडा. वडील म्हणायचे, नावं राहू द्या, हद्दी वाचा. मग साहेब खरेदीखतातली चतुःसीमा मोठ्याने वाचायचे: पूर्वेस हे, दक्षिणेस ते, पश्चिमेस हे, उत्तरेस ते. देवाला प्रदक्षिणा घालतात त्याच वळणाने. चारही बाजू जुळल्या की दोन नावांची जमीन एकच ठरायची.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना आंघोळ घालून ओसरीवर बसवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे आजे त्या शेताच्या चार बाजूंना काय सांगायचे?"

ते डोळे मिटून म्हणू लागले. सकाळचा सूर्य मोडक्या चॅपलमागून यायचा. मावळतीला जमीनदाराचं रान, तिथे ससे. घरासमोर ओढा, त्यात आजा पडला होता. मागे टेकडी, वर तळं.

"समोर म्हणजे कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला," ते लगेच म्हणाले. "दार उत्तरेला. आजा सांगायचा ना, दुपारचं ऊन थेट दारातून आत यायचं."

मी गाडीत बसून वहीत दोन चतुःसीमा शेजारी शेजारी लिहिल्या. एक आजोबांची, एक आत्याची. पूर्व जुळली, पश्चिम जुळली. उत्तर-दक्षिण मात्र उलट. आजोबांचा ओढा उत्तरेला आणि टेकडी दक्षिणेला. आत्याच्या पत्रात टेकडी उत्तरेला, ओढा दक्षिणेला. म्हणजे जागा वेगळी. मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. बरं झालं बोलले नाही.

दोन दिवस ते डोक्यातून गेलं नाही. शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आमच्या मागच्या अंगणात उत्तरेच्या बाजूला तार आहे, कारण ऊन तिकडूनच येतं. चादर पसरता पसरता माझा हात थांबला.

इथे आले त्या वर्षी मी तुळस दक्षिणेच्या खिडकीत ठेवली होती. आपल्याकडे थंडीत दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं ना, त्या हिशेबाने. तुळशीने आठ दिवसांत मान टाकली. शेजारीण म्हणाली, वेडे, इथे सूर्य उत्तरेकडून जातो. मला किती दिवस ते खरंच वाटत नव्हतं. सूर्य कसा बाजू बदलेल? पण बदलतो. जगाच्या या टोकाला बदलतो.

आणि आजोबा जन्मापासून इथलेच! दुपारचं ऊन दारात म्हटल्यावर त्यांच्या लेखी दार उत्तरेलाच. पण आजा ज्या देशाचं सांगत होता, तिथे दुपारचं ऊन दक्षिणेचं. आजाने कधी उत्तर म्हटलंच नव्हतं. ते त्याच्या नातवाने आपल्या आकाशावरून लावलं. दार फिरवा. ओढा दक्षिणेला येतो, टेकडी उत्तरेला जाते.

चारही जुळल्या.

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, why are you just standing there?" मी म्हटलं, "काही नाही, शेत सापडलं." ती म्हणाली, "Okay..." आणि फोनमध्ये गेली.

सोमवारी मी वही घेऊन गेले. गाडीतून उतरायच्या आधी पाच मिनिटं स्टिअरिंग धरून बसले होते. मग आत जाऊन, उभ्यानेच, एका दमात सगळं सांगितलं. खुर्ची, वडिलांची मोजणी, चार बाजू, सूर्य. सूर्याचं सांगताना माझं इंग्रजी संपलं, तेव्हा मी त्यांची आरामखुर्ची त्यांच्यासकट फिरवली. "तुमचं तोंड इकडे होतं. आता तिकडे."

आजोबांनी हाताने आधी इकडची, मग तिकडची दिशा दाखवून पाहिली.

"पण नाव, लव्ह," मग हळूच म्हणाले. "नाव एक नाही ना. आंटच्या पत्रात झेड आहे. आजा किनयारा म्हणायचा. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

ऐकलंय. माझी नजर फ्रिजकडे गेली. कॅलेंडरवर माझ्याच हाताने लिहिलेलं, ए, जे, ओ, बी, ए. वाचणारी म्हणते एजोबा. ऐकणारा म्हणतो आजोबा.

मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत आजी आणि आजोबा या दोन्ही शब्दांत ज हे एकच अक्षर आहे. आजीचा ज एक, आजोबांचा ज वेगळा. लिहिताना काही खूण नाही. शाळेतही कुणी शिकवत नाही, घरात ऐकून येतं. ज्याने फक्त वाचलं, तो चुकणारच. तुमच्या आजाच्या देशातही एखादं असं अक्षर असलं तर? जे लिहितात झेड आणि म्हणतात दुसरंच काही?

"असेल?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी... मला एवढं माहीत नाही."

गुरुवारी आमचा बाजाराचा दिवस. बाजाराआधी आम्ही गावातल्या लायब्ररीत गेलो. तिथे वरच्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या टेबलाशी आठवड्यातून एकदा एक वयस्कर बाई बसतात, लोकांना घराण्यांची माहिती शोधून देतात. त्या मूळच्या स्कॉटलंडच्या, हे मला आजोबांच्या मुलीने फोनवर सांगितलं होतं. आजोबा बोलायला लागणार तोच मी त्यांचा हात दाबला. किनयारा हा शब्द आम्हा दोघांपैकी कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. मी पत्र टेबलावर ठेवलं, कोपऱ्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "प्लीज, हा शब्द मोठ्याने वाचाल का?"

बाईंनी चष्मा लावला. "किनयारा," त्या म्हणाल्या. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं.

आजोबांच्या हातातली काठी पडली. मी उचलायला वाकले आणि तशीच खाली दोन क्षण बसले, कारण माझे डोळे भरले होते आणि वर बघवत नव्हतं.

बाईंना कळेना काय झालं. मग आम्ही सांगितलं, मग त्यांनी सांगितलं. फार पूर्वी तिकडे एक अक्षर होतं, इंग्रजी तीनच्या आकड्याला शेपटी लावावी तसं, यच्या जवळपासच्या उच्चाराचं. छापखान्यांकडे त्याचा खिळा, म्हणजे छपाईचा ठसा, नव्हता, म्हणून त्यांनी दिसायला तसाच म्हणून झेड वापरला. झेड कागदावर राहिला, तोंडात य राहिला. आणि शेवटचं रो? "ते आमच्याकडे रा होतं, बाळा. ते माहीत असावं लागतं, एवढंच."

"माझा भाऊ के-आय-एन-वाय शोधत बसला," आजोबा म्हणाले. "दोन आठवडे. बाहेर येऊन कुणाला तोंडी विचारलं असतं तर..."

बाईंनी कॉम्प्युटरवर जुना नकाशा काढला. नैऋत्येकडचा डोंगराळ भाग. किनझॅरो, झेडने लिहिलेलं. मग आताचा, वरून काढलेला फोटो. घराच्या नुसत्या भिंती, छप्पर नाही. पण भिंती चार.

आजोबांनी मान तिरपी करून बघायचा प्रयत्न केला. कडेने काहीतरी हिरवं दिसलं असेल. "तू सांग," ते मला म्हणाले. "तुझ्या बापाच्या पद्धतीने सांग. तुझ्या भाषेत."

लायब्ररीत, त्या बाईंपुढे? पण मी उभी राहिले. लहानपणी बांधावर ऐकलेलं सगळं तोंडात आपोआप आलं. मौजे किनयारा येथील शेतजमीन. तिची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस छप्पर नसलेलं चॅपल. दक्षिणेस ओढा. पश्चिमेस जमीनदाराचं रान. उत्तरेस टेकडी व तीवरील तळं. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासह.

आजोबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांना एक अक्षर कळलं नसणार. "बर्न आला का त्यात?" त्यांनी विचारलं.

"आला. दक्षिणेला."

"गुड," ते म्हणाले.

त्या दिवशी बाजार राहूनच गेला. परतताना गाडीत आजोबा म्हणाले, "तू स्कॉलर आहेस हे मला सांगितलं नाहीस."

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "आजोबा, मी आठवी पास आहे." सहा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही बाजूंना काळी माती, आमच्याकडच्यासारखीच, नुकती नांगरलेली.

"मी तेराव्या वर्षी शाळा सोडली," ते म्हणाले. "गाई होत्या. बँकेत फॉर्म भरायला अजून घाबरतो." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा चष्मा त्या दिवशी डोक्यावर होता."

"तुम्हाला दिसलं?"

"कडेचं दिसतं मला."

घरी पोचल्यावर त्यांनी मला एक फोन लावून द्यायला सांगितला, भावाच्या बायकोला. ती ब्याण्णव वर्षांची आहे, आजोबांना फोनची बटणं दिसत नाहीत, म्हणून फोन स्पीकरवर. आजोबा एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याने थाप मारली नव्हती. शेत आहे. सापडलं."

मग ती म्हणाली, "शनिवारी त्याच्या कबरीवर फुलं घेऊन जाणारच आहे मी. त्याला सांगते. मुकाट्याने ऐकेल, आता कुठे जातोय."

आजोबा मोठ्याने हसले. ख्रिसमसच्या त्या जेवणानंतर भावाची आठवण निघाल्यावर ते पहिल्यांदाच हसले असावेत, असं मला वाटलं.

पाटी राहिली. नव्या जोडप्याने तिला तेलपाणी केलं. आजोबा आता गावातल्या केअर होममध्ये आहेत, खोलीच्या खिडकीला उत्तरेचं ऊन येतं. मी त्यांच्यासाठी ती चतुःसीमा जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून दिली, मराठीत, आणि खाली इंग्रजीत, चार रेघांच्या वळणाने. कागद भिंतीवर आहे. त्यांना तो दिसत नाही. गुरुवारी मी गेले की मला तो वाचायला लावतात आणि मी पूर्वेस म्हटलं की ते काठीने उगवतीकडे खूण करतात. परवा एका नर्सने विचारलं, हे काय आहे? आजोबा म्हणाले, "माझ्या आजाचं शेत. हिच्या बापाने मोजलं."

मी दुरुस्त केलं नाही.